रेग्झिनचा कोट आणि रापीची धार



पावसाळा ओसरला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत आणि फोनवर एक तक्रार हमखास असते. "दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या पर्सचे पापुद्रे निघायला लागले." "लग्नात एकदाच घातलेले बूट कपाटातून काढले तर तळ भुगा होऊन पडला." "सोफ्यावर बसले की पांढऱ्या कपड्याला काळा कोंडा चिकटतो." यंदा त्यात एका नव्या प्रश्नाची भर पडली. शोभेच्या मोठ्या बाहुल्या, म्हणजे हल्लीची तरुण मुले ज्यांना ॲक्शन फिगर म्हणतात, त्यांच्या अंगावर चामड्यासारखे दिसणारे कोट, पट्टे, बूट असतात. ते झडू लागले तर काय करावे, असे विचारणारे तीनजण भेटले. त्यातले दोघे नोकरी करणारे तरुण आणि एक आई.

पोटापाण्याचे प्रश्न सोडून बाहुलीच्या कोटाची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु वस्तू बारा इंचांची असली तरी तिच्यात कोणाच्या दोन-तीन महिन्यांच्या पगारातली शिल्लक अडकलेली असते. कधी त्याहून मोठी माया अडकलेली असते. शिवाय ही दुरुस्ती ज्यांच्या हातात आहे ती माणसे आपल्याच गावच्या बाजारात बसलेली आहेत. म्हणून आजचे सदर या विषयाला दिले आहे. पर्स, बूट आणि सोफ्याचे उत्तरही यातच मिळेल.

हे खेळणे कोणाचे?

आपल्याकडे बाहुली म्हटले की लाकडाची नाही तर चिंध्यांची. आमच्या किनवटकडच्या माणसांना आदिलाबादपलीकडच्या निर्मळची रंगीत लाकडी खेळणी ठाऊक आहेत. कोकणाकडच्यांना सावंतवाडीची ठाऊक आहेत. अंगावर खरे कापड घातलेली, हातपाय वळणारी पुरुष-बाहुली ही मात्र परदेशातली कल्पना. अमेरिकेतल्या मॅटेल कंपनीने १९५९ साली बार्बी काढली. ती मुलींनी घेतली. मुलगे बाहुली घेणार नाहीत म्हणून हॅसब्रो कंपनीने १९६४ साली सुमारे बारा इंचांचा सैनिक काढला, त्याचे नाव 'जी. आय. जो'. बाहुली हा शब्द टाळायचा म्हणून त्याला 'ॲक्शन फिगर' म्हणू लागले. त्याला खऱ्या कापडाचा गणवेश होता, तो काढता-घालता येत असे.

आपल्या देशात १९८७ साली एमआरएफ आणि हॅसब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल कंपनी निघाली. तिचा कारखाना गोव्यात. नव्वदच्या दशकात शहरांतल्या मुलांच्या हातात जे 'जी. आय. जो' दिसत ते हेच. परंतु ते चार इंचांच्या आतले. त्यांचे कपडे म्हणजे प्लॅस्टिकमध्येच ओतलेला आकार. त्यामुळे ज्यांच्याकडे ते आजही आहेत त्यांचा रंग उडाला असेल, सांधे ढिले झाले असतील, पण कपडे झडलेले नाहीत.

झडण्याचा प्रश्न आहे तो बारा इंची, महागड्या, मोठ्या माणसांनी जमवण्याच्या फिगरचा. त्या एकास सहा या प्रमाणात असतात. सहा फुटांचा माणूस, तर बाहुली एक फुटाची. सिनेमातला नट, त्याचा चेहरा, त्याचा काळा कोट, कोटाची चेन, सगळे हुबेहूब. हाँगकाँग, चीन, जपानमधून त्या येतात आणि हजारो रुपयांना जातात. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली आपली मुलेही त्या घेतात. कोणाला गाडीचे वेड, कोणाला याचे. आपल्या कष्टाच्या पैशाने हौस करायची तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

रेग्झिन झडते का?

ज्याला आपण सरसकट रेग्झिन म्हणतो ते मुळात इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या एका कंपनीच्या मालाचे नाव. कापडावर सेल्युलोज नायट्रेटचा लेप देऊन ती कंपनी नकली कातडे बनवत असे. कंपनीचा माल गेला, नाव आपल्याकडे राहिले. आज बाजारात त्या नावाखाली मुख्यतः दोन वस्तू मिळतात.

एक पी.व्ही.सी.चे रेग्झिन. पी.व्ही.सी. मूळचे कडक. ते मऊ राहावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव्य मिसळतात. काही वर्षांनी हे द्रव्य हळूहळू बाहेर येते. मग पृष्ठभाग चिकट होतो, त्यावर धूळ बसते आणि आतले कातडे कडक होऊन तडकते. बसची जुनी सीट आठवा.

दुसरे पी.यू. म्हणजे पॉलियुरेथेनचे. जर्मनीत ओटो बायर यांनी १९३७ साली शोधलेले हे द्रव्य. याचे कातडे मऊ, पातळ, अगदी खऱ्यासारखे सुरकुतणारे. म्हणून बाहुलीच्या कोटाला बहुधा हेच वापरतात. खाली विणलेले कापड, त्यावर स्पंजासारखा पातळ थर आणि वर रंगीत साय, अशी त्याची रचना असते. खोट आहे ती इथे. स्वस्त पी.यू.मधले जोड हवेतल्या बाष्पाने तुटतात. दुधाची साय जशी बोटाने ओढली की सुटते तसे वरचे पापुद्रे सुटतात. जोड तुटताना आम्ल तयार होते आणि ते आम्ल पुढचे जोड आणखी लवकर तोडते. म्हणजे एकदा झड लागली की ती वाढतच जाते, कर्जाच्या व्याजावर व्याज चढावे तशी.

हे काम वापरण्याने होत नाही, वेळेने होते. कारखान्यातून बाहेर पडल्या दिवसापासून घड्याळ सुरू झालेले असते. म्हणून न घातलेले बूट खोक्यातच संपतात आणि काचेच्या कपाटात नुसती उभी असलेली बाहुलीही झडते. पाच ते दहा वर्षांत बहुतेकांना याचा अनुभव येतो. कोरड्या, थंड ठिकाणी उशिरा आणि उष्ण, दमट ठिकाणी लवकर. नांदेड जिल्ह्यात पाऊस जास्त पडतो तो आमच्या किनवट-माहूर पट्ट्यात, आणि उन्हाळ्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. पी.यू.च्या दृष्टीने याहून वाईट हवामान शोधावे लागेल.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. तुटलेले जोड परत जोडणारे कोणतेही औषध नाही. "जुने कातडे नवे करा" असे सांगणारे पुष्कळ व्हिडिओ मोबाईलवर दिसतात. ते करतात ती वरची रंगरंगोटी. आतली झड चालूच राहते. दुरुस्ती करायची ती हे समजून करायची.

आधी काय करू नये

घरात हाताशी असते ते लावण्याचा मोह होतो. तो टाळा.

खोबरेल तेल, व्हॅसलीन, बुटाचे पॉलिश लावू नका. ही खऱ्या कातड्याची औषधे. पी.यू.मध्ये ती पापुद्र्याखाली जाऊन उरलासुरला धराव सोडवतात, आणि पुढे त्यावर रंग बसत नाही. थिनर, नेलपॉलिश काढायचे पाणी, स्पिरिट यांना तर जवळ येऊ देऊ नका. कोटाबरोबर बाहुलीचे प्लॅस्टिकही विरघळेल. कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवण्याची आपली सवय आहे. त्यांच्या वाफेने काही जातींचे प्लॅस्टिक मऊ पडते, म्हणून तिथे त्या नकोत. उन्हात "वाळवायला" ठेवणे हेही नको.

कपडे उतरवण्याची रीत

दुरुस्ती बाहुलीच्या अंगावर करता येत नाही. प्रथम चारही बाजूंनी फोटो काढून घ्या. कोणता पट्टा कशावर होता हे नंतर आठवत नाही. या बाहुल्यांचे पंजे आणि बहुधा डोकेही खुंटीवर बसवलेले असते, ते ओढून निघते. घट्ट असेल तर केस वाळवायच्या यंत्राने दुरूनच थोडी ऊब द्या, मग हळू फिरवत काढा. पंजा काढल्यावर मनगटाच्या खुंटीवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळा, म्हणजे बाही अडकत नाही, सरकते. खाली पांढरा कागद अंथरा. गळालेली चेन, बटणे, बकल एका डबीत ठेवा. पी.यू.च्या आम्लाने धातूवर हिरवा-काळा थर धरतो, तो कोरड्या मऊ ब्रशने झटकावा.

आता कोट हातात घेऊन पाहा. झडीच्या तीन पायऱ्या असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पहिली पायरी. सुरकुत्यांच्या जागी केसासारख्या भेगा दिसतात, पापुद्रे सुटलेले नाहीत. कोरड्या मऊ कापडाने धूळ काढावी. कापडावर रंगवण्याचे जे ॲक्रिलिक रंग मिळतात त्यांच्याबरोबरचे पारदर्शक मिश्रण, म्हणजे मीडियम, बारीक ब्रशने अगदी पातळ लावावे. वाळल्यावर दुसरा हात. यामुळे साय जागेवर धरली जाते. हा इलाज नव्हे, मुदतवाढ आहे.

दुसरी पायरी. पापुद्रे सुटत आहेत, पण खालचे कापड मजबूत आहे. इथे अर्धवट चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये. आज चिकटवलेल्या तुकड्याशेजारचा तुकडा उद्या निघतो. सगळी साय काढून टाकावी. गमटेप लावून उचलली की बरीचशी निघते, उरलेली बोथट सुरीने किंवा नखाने. दोन-तीन संध्याकाळी जातात. कापड मोकळे झाले की कोमट पाण्यात किंचित साबण घालून दाबून धुवावे, पिळू नये, सावलीत वाळवावे. मग त्या कापडावर काळा ॲक्रिलिक रंग मीडियममध्ये मिसळून पातळ हात द्यावेत. तीन किंवा चार, आणि प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावरच पुढचा. नुसता काळा रंग डांबरासारखा दिसतो, त्यात चिमूटभर तपकिरी टाका. शेवटचा हात वाळल्यावर कोट हाताने हलका चुरगाळा. वापरलेल्या कातड्याच्या सुरकुत्या आपोआप येतात. सिनेमातल्या माणसाचा कोट तसाही धुळीने मळलेला असतो, त्यामुळे हे रूप उलट खुलून दिसते.

तिसरी पायरी. खालचे कापडही कुजले आहे किंवा पी.व्ही.सी. कडक होऊन तुटले आहे. तिथे दुरुस्ती संपते. नवा कोट शिवावा लागतो.

गोकुंद्याची गोष्ट

सुरुवातीला एका आईचा उल्लेख केला, त्या आमच्या शेजारच्या गोकुंद्याच्या. त्यांचा थोरला मुलगा पुण्याला कंपनीत होता. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाने गेला. त्याच्या खोलीतून आलेल्या सामानात मोटारसायकलवाल्या नटाची एक बारा इंची बाहुली होती, काळा लांब कोट घातलेली. मावशींनी ती टीव्हीच्या शेजारी ठेवली. त्या सिनेमाचे नावही त्यांना माहीत नाही. त्यांना एवढेच माहीत, की पोराने पहिल्या बोनसमधून ही घेतली आणि कोणाला हात लावू दिला नाही.

"ताई, रोज फडकं मारते तर खाली काळा भुसा पडायलाय. कोट झडायलाय वो पोराचा," त्या म्हणाल्या.

मी पाहिला तेव्हा कोट दुसरी पायरी ओलांडून तिसरीत गेला होता. खांद्यावर अस्तर फाटले होते. हिशोबी माणसाचे उत्तर सरळ होते : जुना काढा, नवा शिवा. पण मावशींना नवा नको होता. "नवा कोट त्याच्या हाताचा कसा असंल?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. वस्तूची किंमत बाजारभावाने लावायची आम्हा खातेवहीवाल्यांना सवय, पण या वहीत ती बसत नव्हती.

मार्ग काढला तो बाजारात बसणाऱ्या एका जुन्या कारागिराने. त्यांचा मुलगा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी कोट घेऊन गेले तेव्हा मुलगा तिथे होता. त्याने बाहुली लगेच ओळखली, डोळे चमकले. पण काम घेण्याची गोष्ट निघताच तो बापाकडे पाहू लागला. बाप म्हणाले, "ताई, ह्यानं रापी हातात धरू नये म्हणून तर मी तीस वर्षं हितं बसलोय."

त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. यावर पुढे बोलते. त्या दिवशी मी एवढेच म्हणाले, की मग तुम्ही करा, तो नुसते माप काढून देईल. तेवढे त्यांनी मान्य केले.

नवा कोट कसा शिवला

मुलाने जुना कोट शिवणीवर उसवला आणि तुकडे कागदावर ठेवून पेन्सिलीने आखले : पाठ, दोन पुढे, दोन बाह्या, कॉलर. बाजूने तीन-चार मिलिमीटर शिवणीसाठी सोडले. पहिला कोट त्याने जुन्या चादरीच्या तुकड्याचा शिवून बाहुलीला घालून पाहिला. काखेत घट्ट झाला, तिथे माप वाढवले. कातडे कापण्याआधी ही चाचणी करावीच. कापड वाया गेले तर चालते, कातड्याला पडलेले भोक बुजत नाही.

मग प्रश्न जाडीचा. माणसाच्या कोटाचे कातडे साधारण एक मिलिमीटर जाड धरले तर सहाव्या हिश्शाने ते ०.१७ मिलिमीटर हवे. एवढे पातळ कातडे शिवता येत नाही. अर्ध्या मिलिमीटरचे मिळाले तरी पुष्कळ. बुटाच्या आतून लावतात ते शेळी-मेंढीचे अस्तराचे कातडे यासाठी चांगले. बापाने शिवणीच्या कडा आतल्या बाजूने रापीने खरवडून आणखी पातळ केल्या. हे काम मी टक लावून पाहत होते. रापी जवळजवळ आडवी धरलेली, कातडे गुळगुळीत दगडावर, आणि रापीखालून कांद्याच्या पातीसारखा पापुद्रा निघत होता. जोर किंचित जास्त झाला तर भोक. तीस वर्षांचा हात म्हणजे काय ते त्या पापुद्र्यात दिसले.

टाके हाताने घातले. टाके फार जवळ घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग होऊन कातडे तिथेच फाटते, आणि लांब घातले तर कोट गोणपाटासारखा दिसतो. दोन टाक्यांत दोन मिलिमीटर ठेवले. खालची कड दुमडून रबरी सोल्युशनने चिकटवली. सोल्युशन पूर्ण वाळून वास जाईपर्यंत, म्हणजे दोन दिवस, कोट बाहुलीवर घातला नाही, कारण तो ओला असताना प्लॅस्टिक खातो. चेन आणि बकले जुनीच लावली.

राहिला मावशींचा प्रश्न. मुलगा म्हणाला, "जुन्या कोटाचं खालचं कापड पाठीला अजून धड आहे. ते साफ करून आतून अस्तराला लावू." तसेच केले. साय पूर्ण काढून, धुऊन, जे कापड टिकले ते नव्या कोटाच्या पाठीत आतून बसवले. कुजलेल्या भागाच्या जागी काळे रुबिया लावले. बाहेरून कोट नवा आहे, आत पोराचा आहे. मावशींनी कोट उलटा करून पाहिला, बोट फिरवले आणि पुन्हा सरळ केला. काही बोलल्या नाहीत.

जमाखर्च सांगायचा तर साहित्य दोनशे रुपयांच्या आत आले. मजुरी मी विचारली तेव्हा बाप म्हणाले, "बाहुलीच्या कोटाचं काय घ्यायचं?" मी म्हणाले, शिंप्याला कोटाचे देता तेवढे घ्या, इथे तर काम त्याहून नाजूक आहे. शेवटी पाचशे घेतले.

कसब आणि लादलेले काम

आता त्या वाक्याबद्दल. "ह्यानं रापी हातात धरू नये म्हणून मी बसलोय." हा बाप आपल्या चळवळीचाच धडा बोलत होता. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, लाचारी सोडा, मुलांना शिकवा असे सांगितले, तेव्हापासून हजारो बापांनी हेच व्रत घेतले. जन्माने गळ्यात मारलेले काम, त्याबरोबर आलेला तुच्छतेचा शिक्का आणि पोट भरणार नाही एवढी मजुरी, हे पुढच्या पिढीला द्यायचे नाही. यात तडजोड नाही.

पण काम लादले जाणे वेगळे आणि हातात कसब असणे वेगळे. पहिले सोडायचे म्हणून दुसरे फेकून द्यायचे का, हा विचार करण्याचा प्रश्न आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या त्या कातड्याचे कौतुक आज जगभर होते, पण कारागिराचे नाव चपलेवर नसते. २०१५ साली महाराष्ट्रात बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा धारावीतल्या कातडी कारागिरांच्या हातचे काम गेले. त्याच काळात सुधीर राजभर या तरुण कलावंताने मुंबईत या कारागिरांना बरोबर घेऊन कातड्याऐवजी जुन्या रबरापासून बॅगा बनवायला सुरुवात केली, आणि आपल्या स्टुडिओला 'चमार' हेच नाव दिले. जो शब्द शिवीसारखा फेकला जातो तोच त्याने पाटीवर लिहिला.

सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर समाजाचे कलावंत कातड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. त्या बाहुल्या त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. खरे कातडे, योग्य कमावलेले आणि नीट ठेवलेले, किती टिकते याचा तो दाखला आहे. दहा वर्षांत झडणारी परदेशी बाहुली त्यापुढे ठेवून पाहा.

तो मुलगा बी.एस्सी. पूर्ण करील, करायलाच हवी. पण परवा पुण्याच्या एका तरुणाने त्याच्या कोटाचा फोटो पाहून दोन कोटांची मागणी केली आहे. बापाने अजून "हो" म्हटलेले नाही. भाव मात्र ठरवून ठेवला आहे, आणि तो पाचशे नाही.

पुढे जपायचे कसे

१) भिंतीला टेकलेल्या कपाटात बाहुली ठेवू नका. पावसाळ्यात भिंत ओल धरते. चार बोटे अंतर सोडा.

२) उन्हाची तिरीप आणि टीव्ही-फ्रिजची ऊब टाळा.

३) कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. नव्या बुटांच्या, औषधांच्या खोक्यात त्या येतात. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पोटभर ओल घेतली असे समजावे आणि पुडी बदलावी. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

४) काळा कोट आणि बाहुलीचे अंग यांच्यामध्ये पातळ सुती कापडाचे अस्तर असू द्या. नाही तर रंग अंगात उतरतो आणि तो डाग निघत नाही.

५) कोट घडी घालून ठेवू नका. घडीवरच पहिली भेग पडते. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, कोट तपासा. पहिल्या पायरीवर पकडला तर काम सोपे.

६) खऱ्या कातड्याचा कोट केला असेल तर त्याला झड नाही, पण बुरशी लागते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसा, वारा लागू द्या.

हेच नियम पर्सला आणि बुटाला लागू आहेत. नवीन वस्तू घेताना दुकानदार "बॉन्डेड लेदर" म्हणाला तर फसू नका. तो कातड्याचा भुसा पी.यू.त थापून केलेला माल असतो, तोही झडतो. कड पाहा : कडेला विणलेले कापड दिसले तर ते रेग्झिन, तंतूंचा गुंता दिसला तर कातडे. आणि न झडणारे, धुता येणारे हवे असेल तर जाड सुती कॅनव्हासच्या पिशवीइतकी इमानदार वस्तू नाही.

ज्यांना अशी फिगर विकायची असेल त्यांच्यासाठी शेवटचे. दुरुस्ती केली असेल तर ती घेणाऱ्याला सांगा, आणि काढलेले जुने तुकडे कागदी पाकिटात घालून, वर तारीख आणि काय केले ते लिहून, बाहुलीबरोबर द्या. काही हौशी लोकांना मूळ कोटच हवा असतो, झडका का असेना. काहींना चांगला शिवलेला कोट अधिक पसंत पडतो. निवड त्यांना करू द्या. दुरुस्ती लपवून मूळ म्हणून विकणे ही फसवणूक आहे, मग ती बारा इंचांची का असेना.

पुढच्या अंकात जुन्या फोटोंच्या अल्बमविषयी. चिकट पानांचे ते अल्बम फोटो कसे खराब करतात आणि त्यातून फोटो अलगद कसे सोडवावेत, ते पाहू. तोवर पर्स-बुटांना वारा लावून ठेवा.